परीक्षा विभागातली रिकामी टेबलं आणि सभागृहातला एक प्रश्न

महाराष्ट्रातल्या एका अकृषी विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचारी संघटनेचं हे प्रकरण. विद्यापीठ, जिल्हा, पक्ष आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशी काळजी घेतली आहे आणि आकडे गोल केले आहेत. जुलैतल्या सर्वसाधारण सभेपासून पदभरतीच्या जाहिरातीपर्यंतचा, सुमारे पावणेदोन वर्षांचा हा काळ आहे.

पार्श्वभूमी

संघटना त्या वेळी लागू असलेल्या कामगार संघटना अधिनियम, १९२६ खाली नोंदलेली होती. सभासद ३४०. विद्यापीठात शिक्षकेतर मंजूर पदं ६०० च्या आसपास, त्यातली भरलेली ३८०. परीक्षा विभागात मंजूर ९०, प्रत्यक्ष कामावर ५२. उरलेली कामं बाह्यस्रोत एजन्सीमार्फत घेतलेल्या २५ जणांकडून आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ या शब्दाच्या जोरावर चालत होती. एका वरिष्ठ लिपिकाकडे स्वतःच्या टेबलाशिवाय आणखी दोन टेबलं, आणि तिन्हींचे शिक्के एकाच खणात.

सभासद एकजिनसी नव्हते. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेल्यांना आश्वासित प्रगती योजनेची (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) थकबाकी हवी होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, त्यांच्या डोक्यात तीच होती. रिक्त पदं हा ‘प्रशासनाचा विषय’ आहे, आपला नाही, असं दोघांनाही वाटायचं. बाह्यस्रोत कर्मचारी संघटनेचे सभासदच नव्हते.

आमदारांशी संबंध होते, पण ते सत्कारापुरते. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) विधानसभा अध्यक्ष आणि विधान परिषद सभापती यांनी नामनिर्देशित केलेले आमदार असतात. म्हणजे कायदेमंडळातली माणसं वर्षातून दोन-तीनदा कॅम्पसवर येऊन बसत होती आणि संघटनेला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

अडचण

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. मागच्या हिवाळी सत्रात ११ परीक्षांचे निकाल ही मुदत ओलांडून गेले. विद्यार्थी संघटनांनी परीक्षा विभागाला कुलूप ठोकलं, वर्तमानपत्रांनी ‘ढिसाळ कारभार’ लिहिलं आणि शिव्या खिडकीवर बसणाऱ्या कनिष्ठ लिपिकाने खाल्ल्या.

संघटनेच्या कपाटात चार वर्षांतल्या ११ निवेदनांची फाइल होती. प्रत्येकावर मंत्र्यांच्या किंवा उच्च शिक्षण संचालनालयाच्या आवक विभागाचा शिक्का, खाली पोच आणि आत १४ मागण्या. ‘रिक्त पदे तात्काळ भरावीत’ ही त्यातली नववी. ती वाचून आमदाराने नेमकं काय करायचं, हे एकाही निवेदनात नव्हतं. किती पदं, कुठली, कधीपासून, प्रस्ताव कुणाकडे अडला आहे, याचा पत्ता नव्हता.

जुलैच्या सर्वसाधारण सभेला ५८ जण आले. दोन तास भाषणं झाली आणि ‘तीव्र आंदोलन’ असा ठराव झाला. खरी अडचण तिथेच दिसली. ३४० पैकी ५८ जण खुर्चीत बसायला आले, तर रस्त्यावर किती येणार?

समोर असलेले पर्याय

कामबंद आंदोलन हा सगळ्यात ओळखीचा मार्ग होता. पण निकाल उशिरा लागतात कारण माणसं नाहीत, असं सांगायचं आणि त्याच हंगामात काम बंद ठेवायचं, म्हणजे उशिराचं खापर आपणच आपल्या डोक्यावर फोडून घ्यायचं. सरचिटणीसांनी हे सभेत बोलून दाखवलं तेव्हा त्यांना ‘प्रशासनाचा माणूस’ म्हटलं गेलं. तरी मुद्दा बिनतोड होता.

उच्च न्यायालयात रिट करावी, असं दोघा-तिघांचं म्हणणं होतं. भरती करायची की नाही, किती करायची, हा बराचसा शासनाच्या धोरणाचा आणि पैशाचा प्रश्न. त्यात न्यायालय फार तर ‘प्रस्तावावर ठरावीक मुदतीत निर्णय घ्या’ म्हणेल, असं वकिलांनी सांगितलं. हा पर्याय पुढे ठेवून दिला.

हिवाळी अधिवेशनावर नागपूरला मोर्चा हा तिसरा. त्यासाठी किमान २०० माणसं, गाड्या, पोलिसांची परवानगी, आणि शेवटी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जाणं. त्या चौकात एका दिवशी अनेक मोर्चे येऊन थांबतात. शिष्टमंडळाला मंत्र्यांची पाच मिनिटं मिळतात, त्यांच्या हातात पुन्हा निवेदनच जातं.

चौथा पर्याय सभागृहाचा: तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी), आणि मिळालेल्या आश्वासनाचा पाठपुरावा. कार्यकारिणीने हा निवडला. सोबत एक दिवस काळ्या फिती लावून काम, एवढंच.

इथे एक अवघड जागा होती. पदं भरली तर बाह्यस्रोत २५ जणांचं काय? काही पदाधिकाऱ्यांना त्यांना ‘आधी तुम्हाला कायम करू’ असं सांगून सोबत घ्यायचं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दाराने कायम करण्याची वाट जवळजवळ बंद आहे. जे देता येणार नाही ते कबूल करायचं नाही, असं ठरलं. त्यांना स्पष्ट सांगितलं: जाहिरात निघेल, तुम्हाला परीक्षा द्यावी लागेल, आम्ही फक्त वयाच्या सवलतीची आणि अनुभवाला गुण देण्याची मागणी करू. २५ पैकी ९ जणांनी त्यानंतर संघटनेशी बोलणंच टाकलं. खोटं आश्वासन देऊन त्यांची माहिती गोळा केली असती, तर पुढचा सगळा तक्ता लटका पडला असता.

काय केलं: टेबलनिहाय तक्ता

ऑगस्टमध्ये सभा न घेता अर्ध्या कागदाचा एक तक्ता काढला. वर विभागाचं नाव, खाली सहा रकाने: टेबलाचं नाव, मंजूर पद, प्रत्यक्ष कोण बसतं, इतर किती टेबलांचा कार्यभार, त्या टेबलाकडे किती महाविद्यालयं, मागच्या सत्रात रात्री आठनंतर किती दिवस थांबावं लागलं. नाव आणि सही मागितली नाही.

दर दहा जणांमागे एक प्रतिनिधी नेमला. निवडताना पदाधिकारी बघितले नाहीत, डबा खाताना ज्याच्याभोवती लोक बसतात तो माणूस बघितला. परीक्षा विभागात असं एक नाव निघालं ते कधीही सभेला न आलेल्या एका सहायक कक्ष अधिकारी मॅडमचं. त्यांना काम एवढंच दिलं: जेवणाच्या सुटीत १५ मिनिटं, दहा कागद, शुक्रवारपर्यंत. ‘आंदोलनात या’ म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. ‘तुमच्या टेबलाचा हिशोब लिहून द्या’ याला त्या नाही म्हणाल्या नाहीत, कारण तो हिशोब कुणीतरी विचारावा असं त्यांना कित्येक महिने वाटत होतं.

व्हॉट्सॲप गटावर हाच तक्ता आधी टाकून पाहिला होता. १९ जणांनी भरला, ४० जणांनी अंगठा दाखवला. हाताने दिलेल्या कागदावर तीन आठवड्यांत २६० नोंदी आल्या. फरक विनंतीच्या आकाराचा होता आणि विनंती कोण करतं याचा.

तक्त्यातून जे निघालं ते पदाधिकाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पूर्वी ज्या टेबलाकडे ४० महाविद्यालयं होती त्याकडे आता ९५ होती. निकाल अडतो तो मूल्यांकन केंद्रावर, अशी सगळ्यांची समजूत. नोंदी सांगत होत्या की तिथून गुण वेळेवर येतात आणि गाडी अडते त्यानंतर: गैरहजर दाखवलेल्या विद्यार्थ्यांची तपासणी, अंतर्गत गुण न आलेली महाविद्यालयं, चुकीच्या बैठक क्रमांकांची दुरुस्ती. या तिन्ही कामांची टेबलं रिकामी होती.

काय केलं: माहिती कुठून घ्यायची

आस्थापना विभागात काम करणारा एक सभासद रिक्त पदांची पूर्ण फाइल द्यायला तयार होता. मोह मोठा होता. कार्यकारिणीने नकार दिला. कार्यालयीन नस्ती बाहेर गेली तर त्या माणसावर शिस्तभंगाची कारवाई होणार, आणि आमदाराने वाचलेला कागद ‘चोरीचा’ ठरला की मुद्दा बाजूला पडून चौकशी सुरू होणार.

त्याऐवजी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज केला. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात पाच ओळी: विभागनिहाय मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, ती रिक्त झाल्याच्या तारखा, पदभरतीचा प्रस्ताव संचालनालयाला पाठवल्याचा जावक क्रमांक आणि दिनांक. ‘का भरली नाहीत’ हे विचारलं नाही. ‘का’ ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, जावक क्रमांकाला मिळतं. उत्तर २८ व्या दिवशी आलं.

काय केलं: प्रश्नाचा मसुदा

संघटनेने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: ‘विद्यापीठातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर होत असलेला अन्याय शासन दूर करणार आहे काय?’ एका आमदाराच्या स्वीय सहायकांनी तो वाचला आणि परत केला. “साहेब, याला ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल. पकडायला काही ठेवा यात.”

दुसरा मसुदा सभागृहाच्या भाषेत बसवला:

(१) … विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील मंजूर ९० शिक्षकेतर पदांपैकी ३८ पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, त्यामुळे मागील हिवाळी सत्रातील ११ परीक्षांचे निकाल अधिनियमातील ४५ दिवसांच्या मुदतीत जाहीर होऊ शकले नाहीत, हेही खरे आहे काय. (३) असल्यास, पदभरतीचा प्रस्ताव शासनाच्या कोणत्या स्तरावर व किती कालावधीपासून प्रलंबित आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

‘अन्याय’ हा शब्द गेला, कर्मचारीसुद्धा जवळपास गेले. यावर कार्यकारिणीत वाद झाला. आपल्या मागणीत आपणच नाही, असं दोघांचं म्हणणं होतं. पण ज्या आमदाराच्या मतदारसंघात विद्यापीठाचे ४० कर्मचारी राहतात, तिथे निकालाची वाट पाहणारे विद्यार्थी हजारोंनी आहेत. त्यांचे पालक आमदाराच्या कार्यालयात आधीच येऊन बसले होते. संघटनेने आमदाराला नवं ओझं दिलं नाही, त्याच्याकडे आधीच पडलेल्या तक्रारीचं कारण आकड्यांसकट दिलं.

प्रश्न कुणी द्यायचा, हाही निर्णयच. विरोधी बाकांवरचे आमदार जोरात बोलतील, पण मंत्री बचावात्मक होतील. एकट्या सत्ताधारी आमदाराने दिला तर उत्तर गोड येईल आणि प्रश्न सौम्य होईल. एका प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असू शकतात, याचा फायदा घेतला. दोन्ही बाजूंची मिळून पाच नावं मिळवली. त्यासाठी १४ आमदारांना भेटावं लागलं.

भेटींची पद्धत ठरवून घेतली होती. शनिवारी किंवा रविवारी, आमदारांच्या स्वतःच्या गावातल्या कार्यालयात, कार्यालयीन वेळेबाहेर. जास्तीत जास्त चौघे, त्यातला किमान एक त्या मतदारसंघाचा मतदार. बोलणारा एकच. सोबत एक पान, त्याच्या शेवटी एकच वाक्य: ‘हा प्रश्न आपल्या नावाने द्यावा.’ पत्र संघटनेच्या पत्रशीर्षावर, विद्यापीठाच्या नाही. निघताना स्वीय सहायकांना वेगळी प्रत आणि युनिकोड मराठीत टाइप केलेला मजकूर मोबाइलवर. शेवटच्या गोष्टीचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. जो मजकूर पुन्हा टाइप करावा लागत नाही तो पुढे सरकतो.

दूरच्या तालुक्यांत विद्यापीठाचे कर्मचारी राहत नव्हते. तिथे संलग्न महाविद्यालयांतले मुख्य लिपिक उपयोगी पडले. परीक्षा विभागाशी रोज फोनवर भांडणारे हेच लोक. त्यांना तक्ता दाखवल्यावर भांडण थांबलं, आणि सहा मतदारसंघांत भेटीला तेच पुढे झाले.

चूक एक झाली. एका भेटीचे फोटो त्याच संध्याकाळी फेसबुकवर गेले, गळ्यात पक्षाचं उपरणं घातलेल्या कार्यकर्त्यासह. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या आमदाराने वेळ रद्द केली. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात आणि मुदत संपायला चारच दिवस होते. ते नाव गेलं ते गेलंच.

काय केलं: पदवीधरांची नोंदणी

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आणि ७ पदवीधरांच्या. शिक्षकेतरांसाठी वेगळा मतदारसंघ नाही. पदवी असलेला लिपिक किंवा अधीक्षक पदवीधर म्हणूनच मत देतो. त्या विभागातली पदवीधरची निवडणूक जवळ आली होती. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, जुनं नाव पुढे चालत नाही. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली असावी आणि वास्तव्य त्या मतदारसंघात असावं. अर्ज नमुना १८ मध्ये, मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

संघटनेने झेरॉक्स, फॉर्म आणि शिबिराचा खर्च आपल्या सर्वसाधारण निधीतून करायचं ठरवलं होतं. कोषाध्यक्षांनी थांबवलं. १९२६ च्या अधिनियमातल्या कलम १६ प्रमाणे राजकीय कारणांसाठी वेगळा निधी लागत होता, त्यासाठी कुणावर सक्ती करता येत नव्हती, आणि त्या कारणांच्या यादीत उमेदवाराच्या प्रचाराबरोबर ‘मतदार नोंदणी’ही होती. असा वेगळा निधी संघटनेने कधी काढलाच नव्हता. शेवटी प्रत्येकाने आपली पदवी प्रमाणपत्राची प्रत स्वतःच्या पैशाने काढली आणि शिबिर रद्द झालं. आमदारांच्या भेटींचा प्रवासखर्च मात्र सेवाविषयक मागणीचं काम म्हणून इतिवृत्तात ठराव नोंदवून केला.

त्यानंतरची फजिती वेगळीच. १४० भरलेले अर्ज एकगठ्ठा घेऊन दोघे तहसील कार्यालयात गेले. गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेता येत नाहीत, म्हणून परत पाठवलं. संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात, पण कुलसचिवांकडे जायला उशीर झाला होता. जमले त्यांनी आपापले अर्ज दिले. अखेर यादीत आले ९०.

याच दिवसांत एका इच्छुक उमेदवाराने सभासदांची नावं आणि मोबाइल क्रमांकांची यादी मागितली आणि बदल्यात अधिवेशनात ‘जोरदार’ आवाज उठवण्याचं कबूल केलं. यादी दिली नाही. सर्व इच्छुकांना एकच पत्र गेलं: रिक्त पदांबाबत आपली भूमिका लेखी कळवा, जी उत्तरं येतील ती सगळी जशीच्या तशी फलकावर लावू. पाठिंबा कुणालाच जाहीर झाला नाही. यातून संघटनेने काही गमावलं असं म्हणणारे आजही आहेत. पण ज्या आमदारांनी दोन्ही बाजूंनी प्रश्नावर नावं दिली होती, त्यांच्यापैकी निम्मे त्या पाठिंब्याने दुरावले असते.

नागपूर

अधिवेशनात प्रश्न स्वीकृत झाला, पण प्रश्नोत्तराच्या तासात त्याचा क्रमांक आलाच नाही. लेखी उत्तर आलं: ‘(१) हे अंशतः खरे आहे. रिक्त पदांची संख्या २१ आहे. (२) हे खरे नाही. (३) प्रस्ताव तपासण्यात येत आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

३८ चे २१ कसे झाले? प्रश्न मंत्रालयातून संचालनालयाकडे, तिथून ‘विधानमंडळ कामकाज, अति तात्काळ’ असा ईमेल होऊन विद्यापीठात येतो आणि आस्थापना विभागातल्या एका टेबलावर त्याचं उत्तर तयार होतं. त्या उत्तरात अतिरिक्त कार्यभार दिलेली १७ पदं ‘व्यवस्था केलेली’ म्हणून रिक्तमधून वजा केली होती. आकडा खोटा नव्हता, व्याख्या बदलली होती. संघटनेच्या प्रश्नात ‘मंजूर पदावर नियमित नियुक्ती नसलेली’ असे पाच शब्द असते तर ही पळवाट राहिली नसती. दिनांकही लिहिला नव्हता.

तरीही हे उत्तर उपयोगी पडलं. अतिरिक्त कार्यभाराचे १७ कार्यालयीन आदेश सगळ्या विभागांना फिरवलेले होते, त्यात गोपनीय काही नव्हतं. ते एकत्र लावून पदवीधरच्या आमदारांना विधान परिषदेत लक्षवेधी सूचनेसाठी दिले. लक्षवेधीवर मंत्र्यांचं लेखी निवेदन आधी येतं आणि मग सदस्य प्रश्न विचारतात, म्हणून खरी तयारी त्या प्रश्नांची लागते. सकाळी आठ वाजता, कामकाज सुरू होण्याआधी, आमदार निवासात तीन चिठ्ठ्या दिल्या. एकीवर एवढंच: ‘एका वरिष्ठ लिपिकाकडे तीन टेबलं, १८० महाविद्यालयं. हे पद भरलेलं समजायचं का?’

नागपूरला १२ जण गेले, सगळे किरकोळ रजा टाकून. त्या दिवशी टी-पॉइंटला दुसऱ्या एका महासंघाचा मोठा मोर्चा होता. काहींना त्यात शिरायचं होतं. तिथे गेले असते तर आमदार निवासातली ती पंधरा मिनिटं हुकली असती.

मंत्र्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘शासन याबाबत सकारात्मक आहे.’ तिसऱ्या उपप्रश्नावर ते ‘तीन महिन्यांत निर्णय घेण्यात येईल’ इथपर्यंत आलं. यातल्या दुसऱ्या वाक्याला दिवस मोजता येतात, आणि आश्वासन समितीकडे (मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी विधिमंडळाची समिती) जायला असं वाक्य लागतं. मागे बसलेल्या दोघांनी ते वेळेसह वहीत लिहून घेतलं.

पुढे काय झालं

डिसेंबरच्या शेवटी पदवीधर निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जानेवारीत फाइल हलली नाही. ज्या निवडणुकीमुळे आमदारांचे कान टवकारले होते, तिनेच महिनाभर कामाला खीळ घातली. तारखांचा हिशोब डिसेंबरआधी मांडला असता तर हे दिसलं असतं.

मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात दोन आमदारांनी मंत्र्यांना तीन महिन्यांच्या आश्वासनाची आठवण पत्राने करून दिली. एप्रिलच्या अखेरीस वित्त विभागाच्या सहमतीने परीक्षा विभागातल्या ३८ पैकी १९ पदांना मान्यता आली. निम्मी. कार्यकारिणीत ती स्वीकारावी की नाही यावर तीन तास चर्चा झाली. स्वीकारली, आणि उरलेल्या १९ साठी नवा तक्ता सुरू केला.

त्या उन्हाळी सत्राचे निकाल मात्र पुन्हा उशिराच लागले. मान्यतेने टेबलावर माणूस बसत नाही. सभासदांना हे आधी सांगितलं नव्हतं आणि जूनच्या सभेत ते ऐकावं लागलं. तरी त्या सभेला १३० जण होते. बहुतेकांनी स्वतः तक्ता भरलेला होता आणि ‘आमचा आकडा’ पुढे कुठे गेला हे त्यांना हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोंचा नियम पहिल्या भेटीआधी करायला हवा होता. कलम १६ खालचा वेगळा, ऐच्छिक निधी वर्षभर आधी काढला असता तर नोंदणी शिबिर झालं असतं. अधिसभेवरच्या आमदारांना अगदी शेवटी भेटणं ही तर निव्वळ सवयीची चूक. त्यांना अधिसभेत हाच प्रश्न विचारता आला असता आणि विद्यापीठाचं उत्तर इतिवृत्तात आलं असतं. मग २१ चा आकडा नागपूरला अचानक समोर आला नसता.

सगळ्यात महाग पडली ती बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाप्रमाणे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं हे दाखवणारी नोंदवही. मान्यता आल्यावर कळलं की शिक्षकेतर पदांची बिंदुनामावली कित्येक वर्षं अद्ययावतच नाही. ती विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात काढता येत नाही. हे काम विद्यापीठाच्या हातातलं होतं, त्याला ना आमदार लागत होता ना मंत्री. माहिती अधिकाराच्या अर्जात सहावी ओळ टाकून ‘बिंदुनामावली शेवटची कधी तपासली’ हे विचारलं असतं, तर ऑगस्टमध्येच कुलसचिवांच्या मागे लागता आलं असतं. प्रत्यक्षात त्या तपासणीत दहा महिने गेले. पहिल्या आठ महिन्यांचं सगळं लक्ष मुंबई-नागपूरकडे होतं आणि अडलेला कागद दोन मजले खाली पडून होता.

जाहिरात मान्यतेनंतर अकरा महिन्यांनी निघाली. वयाची सवलत मिळाली, अनुभवाचे गुण मिळाले नाहीत. बाह्यस्रोत २५ पैकी चौघे निवडले गेले, ११ जणांचं काम संपलं, दहा अजून आहेत. नव्या तक्त्यात आता सातवा रकाना आहे: त्या टेबलाचं पद मंजूर प्रस्तावात आहे का, आणि बिंदुनामावलीत त्याचा कितवा बिंदू.